हर्झोगच्या नोंदवह्यांत सासर शोधताना

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात, हेज शहराजवळ, व्हिक्टोरिया नावाचं छोटं गाव आहे. वस्ती हजार-बाराशेची, पण गावातल्या संत फिडेलिस चर्चमध्ये एकाच वेळी अकराशे माणसं बसू शकतात. गव्हाच्या सपाट रानातून येताना घरं दिसायच्या कितीतरी आधी चर्चचे १४१ फुटी दोन मनोरे दिसतात. १९१२ साली विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे नामवंत राजकारणी इथे आले आणि त्यांनी या चर्चला ‘मैदानातलं कॅथिड्रल’ म्हटलं. ते नाव आजही टिकून आहे. वास्तविक कॅथिड्रल म्हणजे बिशपांचं चर्च आणि हे तर शेतकऱ्यांच्या धर्मग्रामाचं (पॅरिशचं). २०१४ मध्ये रोमने त्याला लघु बॅसिलिका हा चर्चसाठीचा खास मानाचा दर्जा दिला.

हे गाव माझं सासर. मी वसईची, जन्माने कॅथलिक. माझ्या माहेरी आजी जात्यावर बसल्यासारखी एका लयीत पिढ्या सांगायची: कोण कुठल्या आळीतलं, कुणाची सोयरीक कुठे झाली, कोणती वाडी कुणाच्या वाट्याला गेली. इथे आल्यावर मुलांना त्यांच्या वडिलांच्या बाजूचं सांगायची वेळ आली, तर घरात पणजोबांच्या पलीकडे कुणालाच नीट सांगता येईना. ‘आपण वोल्गाकाठचे जर्मन’ एवढं मात्र सगळ्यांना पाठ होतं. जर्मन माणसं रशियातल्या नदीच्या नावाने का ओळखली जातात, हे विचारलं की जो तो आईकडे बोट दाखवायचा. म्हणून मी सासूबाईंपासूनच सुरुवात केली.

त्या कोबी, खिमा आणि कांद्याचं सारण भरून बीरॉक नावाचे पाव करत होत्या. मी वही काढून पहिलं नाव विचारलं, तशा त्या म्हणाल्या, “अगं, कागदावरची नावं नंतर. आधी टोपणनावं लिहून घे, नाहीतर हरवशील.” पुढे वर्षभर त्यांचा हा सल्ला कामी आला. गावात आडनावं मोजकीच, आणि मुलांची नावंही संतांचीच: योहान, योसेफ, आदाम, पेत्रुस. एकाच वेळी एकाच नावा-आडनावाचे पाच-सहा पुरुष हयात असायचे. त्यामुळे घराण्याची ओळख आडनावाने व्हायचीच नाही, ती आजोबांच्या धंद्यावरून, केसांच्या रंगावरून, चालण्याच्या ढबीवरून पडलेल्या नावाने व्हायची. त्या दुपारी सासूबाईंनी चर्चपासून कब्रस्तानापर्यंत एकेका घराचं टोपणनाव सांगितलं. नोंदवह्यांत यातलं काहीच नाही. त्यांच्या पिढीबरोबर ते गेलं असतं, तर पुढचं सगळं काम अडलं असतं, असं मला आजही वाटतं.

पुढचा टप्पा हेजच्या विद्यापीठातलं फॉरसाइथ ग्रंथालय. वोल्गा जर्मनांविषयीचा मोठा संग्रह तिथे जपून ठेवलेला आहे. हळूहळू कहाणीचा सांगाडा हाती लागला. २२ जुलै १७६३ रोजी रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने जाहीरनामा काढला. स्वतः जर्मन राजकन्या असलेल्या कॅथरीनने परदेशी शेतकऱ्यांना वोल्गाकाठच्या ओसाड माळांवर बोलावलं. जमीन, काही वर्षांची करमाफी, स्वतःचा धर्म पाळण्याची मुभा आणि लष्करी सेवेतून कायमची सूट, अशी तिने दिलेली वचनं होती. सात वर्षांच्या युद्धात होरपळलेल्या जर्मन प्रांतांतून हजारोंनी लोक गेले. कॅथलिकांची गावं वेगळी वसली, प्रोटेस्टंटांची वेगळी. त्यातलंच एक हर्झोग, वोल्गाच्या पूर्वेकडच्या कुरणांच्या बाजूला १७६६ साली वसलेलं. पाच पिढ्यांत तिथे बोली जर्मनच राहिली आणि प्रार्थनाही जर्मनच राहिल्या.

पुढे वचन मोडलं. १८७१ मध्ये वसाहतींचे खास हक्क काढून घेतले गेले आणि १८७४ च्या कायद्याने तरुणांना रशियन सैन्यात भरती व्हावं लागणार असं ठरलं. गावांनी सभा घेतल्या, अमेरिकेत जमीन बघायला माणसं पाठवली. १८७५ च्या ऑक्टोबरात पहिला मोठा गट साराटोव्हहून निघाला आणि ब्रेमेनहून ‘ओहायो’ जहाजाने नोव्हेंबरात बाल्टिमोरला उतरला. हिवाळा कॅन्ससच्या राजधानीत, टोपेकात, निघाला. लार्नेड गावाकडची जमीन परवडेना, तेव्हा कॅन्सस पॅसिफिक रेल्वेच्या माणसाने त्यांना एलिस काउंटीतली स्वस्त जमीन दाखवली. १८७६ च्या वसंतात माणसं इथे आली आणि बघता बघता एकमेकांच्या जवळ गावं वसली: लीबेन्थाल, कॅथरीन, हर्झोग, मुंजॉर, फायफर, शॉनखेन. बहुतेक नावं वोल्गाकाठच्या गावांचीच.

रेल्वेने विकलेली ही जमीन रिकामी पडलेली नव्हती, हेही इथे लिहायला हवं. शायान आणि इतर जमातींचा हा शिकारीचा मुलूख होता. १८६७ च्या मेडिसिन लॉज करारांनंतर त्यांना दक्षिणेकडे हटवण्यात आलं आणि मग रेल्वेला सरकारने दिलेली जमीन बाजारात आली. धर्मग्रामाच्या कौतुकाच्या गोष्टींत हा भाग सहसा येत नाही. मुलांना मात्र मी तो मुद्दाम सांगितला.

हर्झोगच्या लगतच व्हिक्टोरिया आधीपासून होतं. जॉर्ज ग्रँट नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याने १८७३ मध्ये सधन ब्रिटिश कुटुंबांसाठी ते वसवलं आणि त्याला राणीचं नाव दिलं. अमेरिकेत अॅबर्डीन अँगस जातीचे पहिले वळू त्यानेच आणले. १८७८ मध्ये ग्रँट वारला आणि त्याची माणसं पांगली. शेजारचे जर्मन टिकले. दोन्ही गावं १९१३ मध्ये एक झाली आणि नाव राहिलं राणीचं. जुनी मंडळी अजूनही हर्झोगच म्हणतात.

आता चर्चच्या नोंदवह्या. त्या कुणालाही चाळायला देत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण त्यांत लोकांच्या खासगी गोष्टी असतात. मी अर्ज केला, नातं सांगितलं, सासूबाईंची सही जोडली. परवानगी मिळाल्यावर फादरांनी वही स्वतः आणून टेबलावर ठेवली. अटी स्पष्ट होत्या: पेन्सिलनेच लिहायचं, फोटो काढायचे नाहीत, पान सावकाश उलटायचं. वहीत लॅटिन मथळे, लॅटिन नावं, कॅपुचिन या कॅथलिक धर्मसंघाच्या धर्मगुरूंचं बारीक तिरपं अक्षर.

कॅपुचिन इथे कसे आले, तेही सांगते. पहिली दोन वर्षं गावात कायमचे धर्मगुरू नव्हते. लोकांनी उघड्यावर लाकडी क्रूस उभारला होता आणि त्याच्याभोवती जमून ते रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत. बिस्मार्कच्या काळात जर्मनीत धर्मसंघांवर निर्बंध येऊ लागले, तेव्हा बव्हेरियातले फादर हायसिंथ एप आणि फादर मॅथ्यू हाऊ १८७३ मध्ये अमेरिकेत आले आणि पिट्सबर्गला त्यांनी कॅपुचिन संघाचं काम उभं केलं. तिथून १८७८ मध्ये कॅपुचिन हर्झोगला आले. संत फिडेलिस हे नावही त्यांच्याच संघातलं: आधी गोरगरिबांचे खटले लढवणारा वकील, मग कॅपुचिन, आणि १६२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हुतात्मा. त्याच काळात जर्मन येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू मुंबई-पुण्यात राबत होते. माझे वडील ज्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले, ते १८६९ मध्ये त्यांनीच सुरू केलं. हे जुळलं तेव्हा सासर आणि माहेर एकाच नकाशावर आल्याचा मला मनापासून आनंद झाला.

बाप्तिस्म्याच्या वहीत प्रत्येक बाळापुढे जन्माची तारीख, संस्काराची तारीख, आईवडील आणि गॉडपेरेंट, म्हणजे संस्काराच्या वेळी बाळाला धरून उभे राहणारे धर्ममातापिता. मी आधी वडिलांच्या नावांचा माग काढत होते आणि एकाच नावाच्या पाच पुरुषांत गुंतत होते. मग लक्ष गॉडमदरच्या नावांकडे वळलं आणि गुंता सुटू लागला. आई कोणत्या घरातली, हे बाळाला धरायला कोण उभी राहिली यावरून कळतं: आईची बहीण, नणंद, शेजारीण. आजेसासऱ्यांच्या वडिलांची सगळी भावंडं मला अशी सापडली. या चर्चच्या बांधकामाच्या गोष्टींत पुरुषच पुरुष आहेत. बायकांची नावं सलग कुठे वाचायला मिळत असतील तर ती या रकान्यात.

एका बाईचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं, तेही गॉडमदर म्हणून नव्हे, तर बाप्तिस्मा देणारी म्हणून. बाळाच्या जिवाला धोका असेल तर धर्मगुरूची वाट न बघता कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, असा चर्चचा नियम आहे. ती बाई सुईण होती. रात्री-अपरात्री, बर्फात, कंदिलाच्या उजेडात तिने कपाळावर पाणी ओतलं आणि नंतर फादरांनी तशी नोंद केली. त्यातल्या काही नोंदी मी मृत्यूच्या वहीशी ताडून पाहिल्या. बरीचशी बाळं त्याच आठवड्यात गेलेली. माझ्या नवऱ्याच्या पणजोबांच्या आधी त्याच नावाचं एक बाळ जन्मून गेलं होतं. नाव पुढच्या मुलाला दिलं गेलं. घरात हे कुणालाही माहीत नव्हतं. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “म्हणजे ते थोरले नव्हतेच.”

समासातल्या बारीक अक्षराकडेही बघायला मी इथेच शिकले. १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालेल्या रोमच्या नियमानुसार माणसाचं लग्न कुठेही झालं तरी त्याच्या बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीजवळ ते लिहून ठेवावं लागतं. त्यामुळे इथे जन्मलेला मुलगा ओक्लाहोमाला गेला की डेन्व्हरला, ते समास सांगतो. आमच्या लग्नाच्या वेळी इथल्या धर्मग्रामाने वसईला असंच पत्र पाठवलं होतं. तेव्हा तो निव्वळ कागदोपत्री सोपस्कार वाटला होता. आता वाटतं, शे-दीडशे वर्षांनी वसईच्या चर्चमध्ये कुणी माझी नोंद उघडली, तर समासात तिला कॅन्सस सापडेल आणि तिचा शोध तिथे थांबणार नाही.

वोल्गाच्या बाजूचं काम वेगळ्याच तऱ्हेचं निघालं. १७९८ मध्ये रशियन सरकारने या वसाहतींची घरवार गणना केली होती. प्रत्येक घरात कोण, वय किती, बायको मूळ कुठल्या गावची, असं सगळं तिच्यात आहे आणि तिचं इंग्रजी भाषांतर झालेलं आहे. नेब्रास्कात लिंकनला रशियातून आलेल्या जर्मनांची, १९६८ मध्ये स्थापन झालेली एक संस्था आहे. तिथे एकेका गावाची माहिती जमवणारी माणसं आहेत. त्यांच्याशी पत्रव्यवहार केल्यावर १८३४ आणि १८५७ च्या गणनांचा धागा मिळाला. अडलं ते तारखांपाशी. थडग्यावर एक जन्मतारीख आणि रशियातल्या नोंदीत दुसरी, नाव मात्र तेच. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालायची आणि एकोणिसाव्या शतकात ती आपल्या दिनदर्शिकेपेक्षा १२ दिवस मागे होती. १२ दिवस मिळवले आणि दोन्ही तारखा जुळल्या. लिंकनच्या बाईंनी पत्रात नुसतं ‘बारा’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

या शोधात एक धागा मात्र तुटलेला मिळाला. १८७५ मध्ये जहाजावर चढलेल्या आमच्या पूर्वजाचा धाकटा भाऊ मागेच राहिला होता. त्याच्या घरून पत्रं येत असत. १९२१-२२ च्या वोल्गाकाठच्या भयंकर दुष्काळात इथल्या नातलगांनी मदत पाठवल्याचं सासूबाईंनी त्यांच्या सासऱ्यांकडून ऐकलं होतं. तिसाव्या दशकात पत्रं थांबली. २८ ऑगस्ट १९४१ च्या सोव्हिएत फर्मानाने वोल्गाकाठच्या सगळ्या जर्मनांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार करण्यात आलं, गावंच्या गावं रिकामी झाली. त्या घरातलं कोण जगलं, कोण वाटेत गेलं, हे मला शोधता आलेलं नाही. वंशावळीच्या कागदावर ती फांदी मी तशीच उघडी ठेवली आहे.

आता चर्चच्या बांधकामाविषयी, कारण गावात कुणालाही इतिहास विचारला की आधी तेच सांगतात. सध्याची इमारत या धर्मग्रामाची पहिली नव्हे. आधीची चर्चं वाढत्या वस्तीला अपुरी पडत गेली आणि १९०८ मध्ये हे काम हाती घेतलं. आराखडा पिट्सबर्गचे वास्तुविशारद जॉन कोमेस यांचा. लांबी २२० फूट. २७ ऑगस्ट १९११ रोजी बिशप कनिंगहॅम यांनी चर्चचं समर्पण केलं. वर्गणी अशी ठरली: १२ वर्षांवरच्या प्रत्येक सभासदामागे वर्षाला ४५ डॉलर आणि सहा गाड्या दगड.

हा आकडा मी किती वेळा ऐकला होता, पण हिशोब मांडला तो सासूबाईंच्या स्वयंपाकघरात बसून. त्या सुमारास गव्हाचा भाव बुशेलला डॉलरच्या आसपास होता. म्हणजे माणशी ४५ बुशेल, आपल्या मापात सुमारे १२ क्विंटल गहू. आमच्या घरात तेव्हा १२ वर्षांवरची सहा माणसं होती. वर्षाला २७० डॉलर आणि ३६ गाड्या दगड! घर जितकं मोठं तितका भार जास्त. आणि माणशी म्हणताना बायका, मुलीही मोजल्या गेल्या. ‘आमच्या पणजोबांनी चर्च बांधलं’ असं म्हणतात, तेव्हा मी आता ठामपणे सांगते, की वर्गणी पणजीच्या नावचीही होती आणि तेरा वर्षांच्या लेकीच्या नावचीही. पैसा घरातल्या सगळ्यांच्या तोंडातून काढून गेला. फायफरच्या लोकांनी पुढे वेगळी रीत काढली: गव्हाच्या बुशेलमागे दोन सेंट. पीक बुडालं तर वर्गणीही कमी. गरिबाचा विचार करणारी ती पद्धत मला जास्त न्याय्य वाटते. त्यांचं देखणं चर्च मात्र १९९३ मध्ये माणसांअभावी धर्मग्राम म्हणून बंद झालं.

दगड कसा काढत, ते नवऱ्याच्या चुलत काकांनी त्यांच्या शेतातल्या जुन्या खाणीवर नेऊन दाखवलं. या भागात झाडं नव्हती, म्हणून कुंपणाचे खांबसुद्धा दगडाचे. जमिनीखाली हातभरापेक्षाही पातळ असा चुनखडीचा एकच थर मैलोन् मैल पसरलेला आहे, पिवळसर, मधोमध गंजाच्या रंगाची रेघ असलेला. माती बाजूला करायची, दगडात एका ओळीत भोकं पाडायची, प्रत्येक भोकात दोन लोखंडी पट्ट्या घालून मधे पाचर बसवायची आणि सगळ्या पाचरांवर आळीपाळीने घाव घालायचे. काकांनी मला हातोडा दिला. “जोरात नको मारू. सगळ्यांवर सारखं मार,” म्हणाले. थोड्या वेळाने आवाज बदलला, खणखण जाऊन बद्द झाला, आणि दगड सरळ रेषेत उकलला. ताजा दगड इतका मऊ, की छिन्नीने सहज तासता येतो. वारं लागलं की तो टणक होतो. चर्चच्या भिंतीतली ती तपकिरी रेघ आता मला लांबूनही ओळखता येते. पन्नास-शंभर पौंडांचे असे दगड हातांनी गाडीत चढवून, घोड्यांनी ओढून, मैलोन् मैल आणले गेले, तेही पेरणी-कापणी सांभाळून.

दोनदा घरदार सोडावं लागलेल्या माणसांनी तिसऱ्या ठिकाणी एवढं जड काहीतरी का उभारलं असेल, याचा विचार मी खूप केला. श्रीमंती दाखवायला म्हणावं, तर घरं साधीच होती. माझं मत असं आहे, की राजे-सरकारांचं वचन किती दिवस टिकतं हे त्यांनी वोल्गावर पाहिलं होतं. धर्मग्राम मात्र त्यांच्याबरोबर आलं होतं, धर्मगुरू नसतानाही, नुसत्या लाकडी क्रुसाभोवती. त्यांच्या लेखी गाव म्हणजे तेच होतं, म्हणून घरावर खर्च करण्याआधी त्यांनी तिथे खर्च केला. सासूबाईंना हे माझं म्हणणं पटत नाही. त्या म्हणतात, “देवासाठी केलं. त्यात एवढा विचार कशाला?” त्यांच्या बोलण्यालाही माझ्याकडे उत्तर नाही.

सगळं जुळवून कागद तयार झाला, तो आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयात एक प्रत म्हणून दिला. प्रत्येक नावापुढे सासूबाईंनी सांगितलेलं टोपणनाव लिहिलं आहे आणि प्रत्येक स्त्रीचं माहेरचं नावही. तो बघून गावातली आणखी दोन कुटुंबं विचारायला आली. त्यांना मी सांगते की आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा, वह्या कुठे पळून जात नाहीत. सासूबाईंचं स्वतःचं माहेर मुंजॉरचं. त्यांच्या आजीच्या मूळ गावाचा पत्ता अजून लागायचा आहे. तिकडच्या वह्यांसाठी गेल्या आठवड्यात अर्ज केला आणि या वेळी सही करताना त्यांनी स्वतःहून माहेरचं टोपणनावही खाली लिहिलं.